इतिहासाचार्य राजवाडे आणि महाराष्ट्राची सीमा

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी साधकास महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली आणि कानडदेशी व तेलंगदेशी जाण्याचा निषेध केला, हे सूत्रपाठाच्या प्रत्येक अभ्यासकास विदित आहे. या आज्ञेतील महाराष्ट्र कोणता, याचा निर्णय भीष्माचार्यांच्या विवरणात आढळतो. फलटणापासून दक्षिणेस जेथवर मराठी भाषा वर्तते तो भाग, बालाघाटाच्या शेवटापर्यंतचा भाग, उभय गंगातीर, मेघंकर घाटापर्यंतचा प्रदेश आणि समग्र वऱ्हाड अशी पाच खंडमंडळे सांगून, ती सर्व मिळून महाराष्ट्र होय, असे त्यांनी ठरविले आहे. मंडळे वेगळी का, तर भाषेत किंचित पालट आहे म्हणून; आणि सर्व मिळून एक देश का, तर भाषा मराठीच आहे म्हणून.

या पाच मंडळांत सह्याद्रीच्या पायथ्याचे कोकण नामनिर्देशाने आलेले नाही. तेव्हा पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या बाजूचा मुलूख आज्ञेतील महाराष्ट्रात येतो किंवा नाही, अशी शंका साधकांकडून व तेथील उपदेशी मंडळींकडून वेळोवेळी विचारली जाते. शंका लहान नाही. देश कशाने सिद्ध होतो आणि त्यात कोणाचा समावेश होतो, हा मूळ प्रश्न तिच्या पोटात आहे. या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले आणि ज्यांचा आपल्या वाङ्मयाशीही निकट संबंध आला, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र या दृष्टीने अवलोकनीय आहे.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, पेणजवळच्या वरसई या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. शिक्षण पुण्यास झाले. पुढे डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. शिक्षकाची नोकरी फार काळ मानवली नाही. भाषांतर नावाचे मासिक काढून परदेशीय उत्तम ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच मांडावयाचे, हा त्यांचा निर्धार होता व तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. विद्वन्मान्यता इंग्रजीच्या द्वारेच मिळत होती, अशा काळातील हा निर्धार आहे.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे या मालेचे एकूण २२ खंड निघाले. या कामासाठी ते गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, मठांच्या पेट्यांत कसरीच्या मुखी पडलेली दप्तरे त्यांनी उचलून आणली. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली व तीवरून जुन्या मराठीचे व्याकरण लिहिले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत ते अग्रणी होते. स्वभाव मात्र तीव्र होता. मतभेद झाला की संस्था असो वा स्नेही, ते बाजूला होत. उत्तरायुष्यात त्यांनी धुळे हे आपले स्थान केले.

याच सुमारास त्यांचा व आपल्या ग्रंथसंग्रहाचा संबंध आला. रवळोव्यासांनी योजिलेली म्हणून मानली जाणारी सकळ लिपी ही पंथाची शतकानुशतकांची राखण होती. पाचशेहून अधिक वर्षे बाहेरच्या अभ्यासकांस तिचे अक्षर लागले नव्हते. राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास तिची उकल करून ती प्रसिद्ध केली. गुप्त ठेवलेले शास्त्र अनधिकाऱ्यांच्या हाती जाईल, या चिंतेने त्या वेळी अनेक महंत व्यथित झाले, आणि ती व्यथा अस्थानी होती असे म्हणता येणार नाही. परंतु त्यामुळेच लीळाचरित्रादी ग्रंथांकडे महाराष्ट्राचे लक्ष वळले. तेराव्या शतकात मराठी ही शास्त्राची भाषा होती आणि महाराष्ट्र ही नाव व सीमा असलेली वस्तू होती, याचा साक्षात पुरावा विद्वानांच्या हाती आला.

महाराष्ट्र म्हणजे काय, हा राजवाड्यांचा अखंड चिंतनविषय होता. १९२२ साली त्यांनी जयराम पिंड्ये या कवीचा राधामाधवविलासचंपू विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबाराचे वर्णन असलेला हा ग्रंथ आहे. मराठी माणूस कानडदेशात राज्य करू लागला म्हणजे देशाची सीमा सरकते काय, हा विचार त्यावरून सहजच उद्भवतो. १९२४ साली त्यांनी माहिकावतीची बखर छापली. उत्तर कोकणातील माहीम-केळवे परिसराची ही बखर असून तिचा काही भाग शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ इतका जुना आहे. पैठणाकडून आलेली कुळे, त्यांचे मान, त्यांची वतने, त्यांचे तंटे यांची हकीकत तीत आहे, आणि महाराष्ट्रधर्म हा शब्दही आहे. घाटाखालील समुद्रकाठी पंधराव्या शतकात माणसे स्वतःस महाराष्ट्राची मानीत होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

बखरीच्या प्रस्तावनेत त्यांनी कातकरी, कोळी, ठाकर इत्यादी जमातींचा विचार करून, कोकण हे एकावर एक बसलेल्या वस्त्यांचे थर आहे, असे मांडले. अन्यत्र त्यांनी उत्तरेकडून आलेले महाराष्ट्रिक, राष्ट्रिक व वैराष्ट्रिक हे लोक दंडकारण्यात येऊन नागांशी मिसळले व त्यांतून मराठे झाले, अशी उपपत्ती सांगितली.

येथे विवेक करणे अवश्य आहे. त्यांची साधने चिरस्थायी आहेत. वंशावर उभारलेली उपपत्ती पुढील विद्वानांस तशीच मान्य झाली नाही. तिचे अपुरेपण त्यांच्याच जन्मभूमीच्या किनाऱ्यावर दिसते. अलिबागजवळच्या नवगाव येथे आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्यास लागले, असे बेने इस्राएल समाज परंपरेने सांगतो. तेलाचे घाणे चालविणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून शनिवार तेली म्हणविला गेलेला हा समाज शतकानुशतके घरात मराठीच बोलत आला. रेवदंड्यापलीकडील कोर्लई येथील ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीजोद्भव बोली बोलतात आणि शाळेत व बाजारात मराठी. या दोघांस महाराष्ट्रिकांच्या कोणत्या कुळात बसवावे? वंशाच्या मापाने ते परके ठरतील. भाषेच्या मापाने ते आपले आहेत.

आपल्या आचार्यांनी वंशाचे माप कधी घेतलेच नाही. स्वतः श्रीचक्रधरप्रभूंचा अवतार गुजराथेत भडोच येथील. तरी त्यांनी निरूपण मराठीत केले. केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृताकडे वळू लागला तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यास आवरले, कारण त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्या नागविल्या जातील. कानडदेश व तेलंगदेश यांचा निषेधही तेथील लोकांच्या द्वेषाने केलेला नाही. तेथे विषयांचे बाहुल्य असून साधकाच्या आचारास बाध येतो, म्हणून तो आहे. पुढे पंथ पंजाबात जयकृष्णी नावाने रुजला, काबूलपर्यंत गेला, आणि तेथेही पोथी मराठीच राहिली.

मग कोकणाचे काय? भीष्माचार्यांनी मंडळे गणिली, पण लक्षण भाषेचे दिले. ज्यास लक्षण लागू पडते ते गणनेत नसले म्हणून वर्ज्य ठरत नाही. अलिबाग तालुक्यातील आक्षी येथे शिलाहार केशीदेवाच्या काळचा मराठी शिलालेख आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ मानतात. श्रीप्रभूंच्या अवतारापूर्वी जेथे दगडावर मराठी कोरली गेली, तो प्रदेश मराठी भाषेच्या वर्तनाबाहेर कसा म्हणावा? अटनाचा विधी साधकाने आपल्या महंतांस विचारूनच पाळावा. परंतु हा देश परका आहे, या समजुतीस शास्त्राचा आधार दिसत नाही.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. त्यांनी जमविलेली कागदपत्रे सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले. १ मे १९६० रोजी भाषेच्याच तत्त्वावर महाराष्ट्र राज्य झाले. बेळगावचा वाद मात्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. राज्याच्या रेषा न्यायालये व आयोग आखतात आणि त्या आखाव्या लागतात. परंतु रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसास आपला म्हणावयाचे की परका, हे कोणी आयोग ठरवीत नाही. वरसईच्या या पुत्राने कुळे शोधता शोधता जे दप्तर उघडले, त्यात कुळांहून मोठी गोष्ट निघाली: जो या भाषेत बोलतो, ऐकतो आणि देवाचे नाव घेतो, त्याचा हा देश. आपल्या आचार्यांनी ती आधीच सांगून ठेविली होती. ती आचरणात ठेवणे हे आपले काम आहे.

दंडवत प्रणाम.