विश्लेषण : शिमल्याचे लाल सफरचंद अमेरिकेतून आले? कोण होते सत्यानंद स्टोक्स?

पावसाळा सरत आला की मुंबई-पुण्याच्या बाजारात शिमला सफरचंदाच्या पेट्या उतरू लागतात. त्यातले लालभडक, लांबट, खालच्या बाजूला पाच उंचवटे असलेले डिलिशियस हे वाण मूळचे हिमाचलचे नाही. ते या डोंगरांत रुजवले सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स या अमेरिकी तरुणाने. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आलेला हा माणूस पुढे ब्रिटिशांच्या तुरुंगात गेला आणि सत्यानंद या नावाने इथेच राहिला. पण त्याला सफरचंदाचे वाण बदलावेसे का वाटले?

फिलाडेल्फिया ते कोटगड

स्टोक्स यांचा जन्म 16 ऑगस्ट 1882 रोजी फिलाडेल्फियातील श्रीमंत क्वेकर कुटुंबात झाला. वडिलांचा लिफ्ट तयार करण्याचा उद्योग होता. तो सांभाळण्याऐवजी 1904 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, ते शिमल्याजवळच्या सबाथू येथील कुष्ठरुग्णालयात काम करण्यासाठी भारतात आले. 1905 मध्ये कांगडा भूकंपानंतर त्यांनी मदतकार्य केले. काही वर्षे ते साधूसारखे राहिले.

1912 मध्ये त्यांनी कोटगड परिसरातील अॅग्नेस बेंजामिन यांच्याशी विवाह केला आणि शिमल्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर बारोबाग येथे जमीन घेऊन शेती सुरू केली. आता शेजाऱ्यांची अडचण ही त्यांचीही अडचण होती. डोंगरउतारावरील अरुंद पट्ट्यांतले धान्य जेमतेम पोटापुरते. हातात रोख पैसा नाही. पैसा देणारे, याच थंडीत वाढणारे पीक हवे होते.

सफरचंदे होती, मग नवे वाण कशाला?

हिमाचलात सफरचंद नवे नव्हते. कुलू खोऱ्यातील बांदरोल येथे 1870 च्या सुमारास एका इंग्रज कॅप्टनने बाग लावली होती. शिमल्याजवळ मशोबरा येथे अलेक्झांडर कूट्स यांची बाग 1887 पासून होती. न्यूटन पिपिन, किंग ऑफ पिपिन्स, कॉक्स ऑरेंज पिपिन अशी ही वाणे. न्यूटन पिपिन हिरवट, आंबटसर आणि महिनोन् महिने टिकणारे. साठवणीत त्याची चव उलट खुलते. कॉक्सचा सुगंध वेगळाच. पण ही चव इंग्रजांच्या जिभेची होती. आंबट सफरचंद पाय किंवा सॉसमध्ये छान लागते, मात्र भारतीय ग्राहकाला फळ कापून तसेच खायचे होते आणि ते गोड हवे होते.

स्टोक्स यांना त्याचे उत्तर मायदेशात सापडले. आयोवा राज्यात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या एका रोपाला वेगळीच गोड फळे लागली होती. मिसुरीतील स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने त्याचे हक्क घेऊन ते डिलिशियस नावाने विकायला काढले. स्टोक्स यांनी त्याची रोपे मागवून 1916 मध्ये बारोबागला लावली.

बी नाही, कलमच का?

गोड सफरचंदाचे बी पेरले तर तशाच फळाचे झाड येत नाही, कारण बीमध्ये दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. हवे ते वाण टिकवायचे तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर कलम करावी लागते. म्हणजे बारोबागच्या झाडांचे गुण थेट हायट यांच्या त्या एका झाडापर्यंत पोहोचतात.

दुसरी मेख परागीभवनाची. डिलिशियसच्या फुलांना स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही. जवळ त्याच वेळी फुलणारे वेगळे वाण लागते. 1921 च्या नाताळची भेट म्हणून स्टोक्स यांच्या आईने गोल्डन डिलिशियसची रोपे पाठवली. हे पिवळे वाण या कामासाठी उत्तम ठरते. त्या नाताळात स्टोक्स मात्र लाहोरच्या तुरुंगात होते.

बागायतदार तुरुंगात कसा गेला?

त्या काळी डोंगरातील गावकऱ्यांना गोऱ्या साहेबांचे सामान वाहण्यासाठी वेठबिगारीला जुंपले जाई. पेरणी असो वा कापणी, शेत सोडून जावे लागे. स्टोक्स यांनी याविरुद्ध गावकऱ्यांना संघटित केले आणि 1921 मध्ये कोटगड परिसरात ही सक्ती संपली. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर ते काँग्रेसकडे वळले होते. डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनाला ते कोटगडचे प्रतिनिधी म्हणून आले. अखिल भारतीय काँग्रेस समितीचे ते एकमेव अमेरिकी सदस्य. सरकारी नोकरी सोडण्याचे आवाहन करणाऱ्या 1921 च्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव अभारतीयही तेच. डिसेंबर 1921 मध्ये अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली.

सुटकेनंतर ते बागेत परतले. शेजाऱ्यांना रोपे दिली, कलम आणि छाटणी शिकवली. फळे आधी माणसांच्या पाठीवरून आणि खेचरांवरून शिमल्याला जात. मुलगा तारा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने स्टोक्स यांनी गावात शाळा काढली. 1932 मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला. ते सत्यानंद आणि अॅग्नेस प्रियादेवी झाल्या. 14 मे 1946 रोजी, स्वातंत्र्याच्या सव्वा वर्ष आधी, त्यांचे निधन झाले.

घरी आणलेले सफरचंद कसे टिकवावे?

तोडल्यानंतरही सफरचंद श्वास घेते आणि इथिलीन वायू सोडते. या वायूने फळ पिकत जाते आणि डिलिशियसचा गर पिठूळ होतो. बाहेरच्या टोपलीपेक्षा फ्रिजमध्ये ही क्रिया कित्येक पटीने मंदावते. म्हणून :

• फळे न धुता, भोके असलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा, खाण्याआधी धुवा.
• पालेभाज्या आणि काकडीपासून दूर ठेवा. इथिलीनने त्या लवकर पिवळ्या पडतात.
• डागाळलेले फळ आधी संपवा; एक सडले की शेजारचीही सडू लागतात.
• गोल्डनची साल कोरड्या हवेत लवकर सुरकुतते. ते उघडे ठेवू नका.
• डिलिशियस कच्चेच खावे, शिजवल्यावर त्याचा लगदा होतो. मुरंबा किंवा जॅमसाठी गोल्डन किंवा आंबट हिरवे ग्रॅनी स्मिथ घ्या. काश्मीरचे अंबरी मिळाले तर त्याच्या सुगंधासाठी तसेच खा.

आज हे वाण कुठे आहे?

ज्या अमेरिकेतून डिलिशियस आले, तिथे 2018 मध्ये उत्पादनात गालाने त्याला मागे टाकले. हिमाचलातही हिवाळ्यातली थंडी कमी पडू लागल्याने खालच्या पट्ट्यातील शेतकरी गालासारख्या वाणांकडे वळत आहेत, कारण डिलिशियसला फुलण्याआधी दीर्घ थंडी लागते. कोणत्या उतारावर कोणते फळ घर चालवेल, हा स्टोक्स यांच्यासमोरचा प्रश्न त्यांच्या शेजाऱ्यांच्या नातवंडांना आता नव्याने सोडवावा लागत आहे.