हौसेला वेळापत्रकात बांधणारा टॉम रोल्ट

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या छोट्या गावातून १४ मे १९५१ रोजी एक आगगाडी निघाली. पंच्याऐंशी वर्षांचे जुने इंजिन, तितकेच जुने डबे आणि गवतात बुडालेले रूळ असा तिचा थाट होता. ती धावली अवघी अडीच मैल. तरीही रेल्वेच्या इतिहासात या गाडीला मानाचे स्थान आहे, कारण ती चालवण्याची जबाबदारी सरकारकडे नव्हती आणि नफ्यासाठी काढलेल्या एखाद्या कंपनीकडेही नव्हती. वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी आणि विनावेतन राबणाऱ्या स्वयंसेवकांनी ती आपल्या शिरावर घेतली होती. अशा रीतीने बंद पडण्यापासून वाचवली गेलेली टालिलिन ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते. तिचे पहिले व्यवस्थापक होते लायोनेल थॉमस कॅसवॉल रोल्ट. मित्रपरिवारात आणि पुढे वाचकांतही ते टॉम रोल्ट या नावाने ओळखले गेले.

रोल्ट यांनी त्यापूर्वी कोणत्याही रेल्वेत नोकरी केलेली नव्हती. पेशाने ते यंत्रज्ञ आणि वृत्तीने लेखक होते. आणखी एक गोष्ट या नेमणुकीच्या मागे उभी होती. स्वतःच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एका संस्थेतून काही महिन्यांपूर्वीच त्यांना बाहेर पडावे लागले होते. हौशी माणसांना एकत्र आणणे किती सोपे आणि एकत्र ठेवणे किती अवघड, याचा अनुभव गाठीशी बांधूनच ते टाउइनला आले होते.

यंत्रांच्या सान्निध्यात

रोल्ट यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१० रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. बालपण वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय परिसरात आणि नंतर ग्लॉस्टरशायरमधील स्टॅनली पाँटलार्ज या खेड्यात गेले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी शाळेला रामराम ठोकला आणि शेतीच्या यंत्रांच्या कामात उमेदवारी पत्करली. पुढे स्टोक-ऑन-ट्रेंट येथील केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ते शिकाऊ कामगार झाले. त्यांचे नातलग काइल विलन्स हे तेथे अभियंता होते. परंतु १९३० मध्ये हा कारखाना बुडाला आणि ऐन मंदीच्या काळात रोल्ट बेकार झाले.

त्यानंतर हँपशायरमध्ये त्यांनी भागीदारीत मोटारींचे गॅरेज चालवले. जुन्या मोटारी जपणाऱ्या शौकिनांचा एक क्लब १९३४ मध्ये स्थापन झाला, त्याच्या आरंभीच्या सभासदांत ते होते. जुने यंत्र काचेच्या कपाटात ठेवायचे नसते, ते चालते ठेवायचे असते, ही दृष्टी त्यांना याच काळात लाभली.

विलन्स यांच्याकडे 'क्रेसी' नावाची एक लाकडी नॅरोबोट होती. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांतून मालवाहतूक करणारी ही लांबट नाव रोल्ट यांनी विकत घेतली, तिच्यात संसार थाटण्याजोगी सोय केली आणि १९३९ च्या उन्हाळ्यात पत्नी अँजेलासह तिच्यावर बिऱ्हाड मांडले. त्या प्रवासावर आधारलेले त्यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक डिसेंबर १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाने शिणलेल्या वाचकांनी ते उचलून धरले आणि विस्मरणात चाललेल्या कालव्यांकडे लोकांचे लक्ष वळले.

पहिला धडा कालव्यांवर

या पुस्तकाच्या वाचकांपैकी एक होते रॉबर्ट एकमन. त्यांनी रोल्ट यांच्याशी पत्रव्यवहार केला, भेट घेतली आणि १९४६ मध्ये या दोघांनी चार्ल्स हॅडफिल्ड व फ्रँक आयर यांच्या साथीने अंतर्देशीय जलमार्ग संघटना स्थापन केली. एकमन अध्यक्ष झाले, रोल्ट मानद चिटणीस. वर्गणीदार सभासद वाढू लागले, तसे मतभेदही वाढले.

देशातील प्रत्येक कालवा वाचवलाच पाहिजे, त्यात डावे-उजवे करायचे नाही, असा एकमन यांचा आग्रह होता. हाताशी असलेले बळ थोडे आहे, तेव्हा जे कालवे टिकू शकतील आणि ज्यांच्यावर नावाड्यांची कुटुंबे अजून पोट भरतात त्यांना आधी हात द्यावा, अशी रोल्ट यांची भूमिका होती. दोन्ही मतांत तथ्य होते, पण ती एका छपराखाली नांदू शकली नाहीत. मार्केट हारबरो येथे १९५० च्या ऑगस्टमध्ये भरलेल्या नौकांच्या मेळाव्यापर्यंत दोघांचे संबंध पुरते बिघडले होते. अखेर १९५१ च्या सुरुवातीला रोल्ट यांचे सभासदत्वच संपुष्टात आणण्यात आले.

त्याच वर्षी त्यांच्या खासगी आयुष्याचीही घडी विस्कटली. अँजेला यांनी वेगळी वाट धरली आणि त्या एका सर्कशीबरोबर फिरू लागल्या. बारा वर्षांचे घर असलेली 'क्रेसी'ही जीर्ण होऊन कामातून गेली. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ घर, संसार आणि संस्था असे तिन्ही गमावून नव्या कामाला उभा राहिला.

एका वृद्धाचा शब्द

टालिलिन रेल्वे १८६० च्या दशकात बांधली गेली, ती ब्रिनेग्लुइस खाणीतील पाटीचा दगड समुद्रकाठी आणण्यासाठी. हा दगड तेव्हा घरांच्या छपरांसाठी वापरला जाई. रुळांमधील अंतर सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम तीन इंचांनी अधिक. टाउइनपासून अॅबरगिनोल्विनपर्यंत सुमारे साडेसहा मैलांच्या मार्गावर प्रवासी गाडीही चाले. सर हेडन जोन्स हे १९११ पासून खाणीचे आणि रेल्वेचे मालक होते. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली आणि रेल्वेचे उत्पन्न आटले. तरीही आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, हा शब्द जोन्स यांनी पाळला. ब्रिटनच्या रेल्वे १९४८ मध्ये सरकारजमा झाल्या, त्यातून ही चिमुकली रेल्वे सुटली.

जुलै १९५० मध्ये जोन्स यांचे निधन झाले. रोल्ट आणि त्यांचे बॅनबरी येथील मित्र बिल ट्रिंडर व जिम रसेल यांनी ही रेल्वे वाचवण्याचा विचार आधीपासूनच मनात घोळवला होता. बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात ११ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी जाहीर सभा बोलावली. सत्तरच्या आसपास माणसे जमली आणि जतन संस्था स्थापन झाली.

फेब्रुवारी १९५१ मध्ये जोन्स यांच्या कुटुंबीयांशी करार झाला. रेल्वेचे भाग एका नव्या कंपनीकडे सोपवण्यात आले आणि तिच्या संचालक मंडळावर कुटुंबाच्या व संस्थेच्या प्रतिनिधींना समान जागा मिळाल्या. या रचनेत मोठे शहाणपण होते. सभासदाला त्याच्या वर्गणीवर लाभांश मिळणार नव्हता, त्यामुळे उद्या गाडीला गर्दी झाली तरी वाटणीवरून भांडण होण्याचे कारण उरले नाही. पहिली गाडी सुटली तेव्हा सभासदांची संख्या साडेसहाशेच्या घरात गेली होती.

हौस आणि हजेरी

सभासद साडेसहाशे असले तरी मंगळवारी सकाळी फावडे घेऊन येणारे किती, हा प्रश्न वेगळाच होता. बहुतेक सभासद बर्मिंगहॅम आणि आसपासच्या शहरांतील नोकरदार होते. त्यांना सवड शनिवार-रविवारी आणि वार्षिक रजेत. गाडी मात्र उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशीही धावायला हवी, कारण पर्यटक तेव्हाही येतात. म्हणून नियमित कामासाठी मोजके पगारी कर्मचारी आणि त्यांच्या मदतीला स्वयंसेवक, अशी विभागणी करावी लागली. जोन्स यांच्या पदरी असलेली अनुभवी स्थानिक माणसे हाताशी होती. डेव्हिड कर्वेन यांनी यंत्रविभाग सांभाळला. व्यवस्थापक म्हणून १९५१ आणि १९५२ चे दोन उन्हाळे रोल्ट यांनी टाउइनमध्ये काढले.

पगारी आणि बिनपगारी माणसे एकाच कामावर असली की कुरबुरीला जागा मिळतेच. पगारी कामगाराला वाटते, हा चार दिवसांचा पाहुणा मला काय शिकवणार? स्वयंसेवकाला वाटते, मी स्वतःच्या खर्चाने आलो आहे, माझ्यावर हुकूम कोणी चालवायचा? त्याला दंड करता येत नाही, त्याचा पगार कापता येत नाही. त्यातून इंजिन चालवण्याची हौस सर्वांना, तर निकड रुळांमधले गवत उपटण्याची आणि कुजलेले स्लीपर बदलण्याची. जो माणूस मनापासून आला आहे त्याला नको ते काम द्यायचे आणि तरीही पुढच्या रविवारी तो परत यावा अशी व्यवस्था राखायची, ही व्यवस्थापकाची खरी कसोटी होती.

रुळांनी या बाबतीत कोणाचीच भीड ठेवली नाही. चालण्याजोगे इंजिन एकच, 'डोलगोख'. जोडीला म्हणून बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने १९५१ मध्ये प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. त्यांपैकी 'सर हेडन' मार्गावर आणले, तेव्हा त्याची चाके रुळांवरून घसरली. झिजलेल्या मार्गावर रुळांमधील अंतर इतके वाढले होते की त्याची अरुंद चाके त्यावर ठरेनात. नवे इंजिन आणून भागणार नव्हते, आधी मार्ग दुरुस्त करणे भाग होते. ज्या कामात कोणाला रस नव्हता त्याच कामावर रेल्वेचे भवितव्य अवलंबून आहे, हे सर्वांना डोळ्यांनी दिसले.

दुसऱ्या इंजिनाची कथा अधिक सुखाची आहे. १९२१ साली ते बांधले होते केर स्टुअर्ट कारखान्याने, म्हणजे तरुण रोल्ट जेथे काम शिकले त्याच कारखान्याने. लीड्स येथील हन्स्लेट इंजिन कंपनीचे प्रमुख जॉन अॅल्कॉक हे संस्थेचे सभासद होते. त्यांच्या कारखान्यात या इंजिनाची विनामूल्य दुरुस्ती झाली आणि १९५२ मध्ये ते कामाला लागले. त्याला नाव देण्यात आले 'एडवर्ड थॉमस'. जोन्स यांच्या काळात ही रेल्वे सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थापकाचा हा सन्मान होता. हौशी मंडळींनी गावातल्या रेल्वेवाल्याचे नाव इंजिनाला द्यावे, यातून संस्थेची वृत्ती दिसते.

दर सभासदाची उपयुक्तता वेगळी असते, हेही टालिलिनने दाखवून दिले. १९५२ मध्ये विल्बर्ट ऑड्री नावाचे धर्मोपदेशक येथे स्वयंसेवक गार्ड म्हणून आले. उपाहारगृह सांभाळणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून त्यांनी एकदा गाडी सोडली. 'थॉमस' या इंजिनाचे जनक असलेल्या ऑड्री यांनी पुढे या रेल्वेवर बेतलेल्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या आणि त्या फजितीचीही गोष्ट केली. गार्ड म्हणून ते चुकले, पण त्यांच्या लेखणीने टालिलिनला मुलांच्या कितीतरी पिढ्यांपर्यंत पोहोचवले. टी. ई. बी. क्लार्क यांनाही या रेल्वेवरूनच 'द टिटफिल्ड थंडरबोल्ट' हा १९५३ चा विनोदी चित्रपट सुचला.

लेखणी आणि वारसा

रोल्ट यांनी या दोन वर्षांची हकीकत 'रेल्वे अॅडव्हेंचर' या पुस्तकात सांगितली. ते १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सोनिया यांच्याशी विवाह करून ते स्टॅनली पाँटलार्जच्या घरी परतले आणि पूर्णवेळ लेखनाकडे वळले. ब्रिटनमधील रेल्वे अपघातांचा इतिहास सांगणारे 'रेड फॉर डेंजर' १९५५ मध्ये आले. त्यानंतर इझंबार्ड ब्रुनेल, थॉमस टेलफर्ड आणि स्टीफन्सन पितापुत्र या अभियंत्यांची चरित्रे त्यांनी लिहिली. टालिलिनशी नाते मात्र तुटले नाही. साठच्या दशकात ते संस्थेचे अध्यक्ष होते. ९ मे १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

टालिलिनच्या पाठोपाठ फेस्टिनियॉग रेल्वे १९५५ मध्ये आणि ब्लूबेल रेल्वे १९६० मध्ये अशाच प्रयत्नांतून पुन्हा धावू लागली. आज ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक वारसा रेल्वे आहेत. टालिलिनचा मार्ग १९७६ मध्ये नांट ग्वेर्नोलपर्यंत वाढवण्यात आला. वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात या रेल्वेचा समावेश आहे. कालव्यांवरील जुन्या तंट्याची धारही काळाने बोथट केली. जलमार्ग संघटनेच्या इतिहासात संस्थापक म्हणून एकमन यांच्याबरोबर रोल्ट यांचेही नाव घेतले जाते.

आयर्लंडमधील एका जुन्या इंजिनाचे भाग वापरून टालिलिनने पेंद्रे येथील आपल्या कार्यशाळेत एक नवे इंजिन उभारले आणि ते १९९१ मध्ये सेवेत दाखल झाले. त्याचा क्रमांक सात आणि नाव 'टॉम रोल्ट'. सवडीच्या दिवशी येणाऱ्या माणसांकडून रोजची गाडी वेळेवर सोडता येते, हे १९५१ मध्ये कोणालाही खात्रीने सांगता आले नसते. रोल्ट यांनी दोन उन्हाळे टाउइनमध्ये राहून ते करून दाखवले.