न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

विद्यार्थी मित्रांनो, नवव्या-दहाव्या वर्गाच्या इतिहासात इंग्लंडचा राजा आणि तिथली पार्लमेंट यांच्या भांडणाचा उल्लेख येतो. राजा कायद्याच्या वर की कायदा राजाच्या वर, हा त्या भांडणाचा मूळ प्रश्न होता. सर एडवर्ड कोक या न्यायाधीशाने राजा पहिला जेम्स याला कायद्याची मर्यादा दाखवली आणि १६१६ साली त्याला पद गमवावे लागले. पुढे १६४९ साली पार्लमेंटने नेमलेल्या न्यायालयाने राजा पहिला चार्ल्स याला मृत्युदंड दिला. हा प्रश्न फक्त इंग्रजांच्या देशात निघाला असे मात्र नाही. सव्वाशे वर्षांनी तो आपल्या मराठी मुलखात, पुण्याच्या शनिवारवाड्यात उभा राहिला. त्याला उत्तर देणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांचा परिचय या अंकात करून देत आहोत.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुली गावचे. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा तिथे संगम आहे. लहानपणीच वडील गेले. शिक्षण झाले नाही आणि घरची गरिबी, म्हणून मुलगा साताऱ्यात एका सावकाराकडे कामाला राहिला. एक दिवस सावकाराकडे मोत्यांचा व्यापारी आला होता. हातातले काम विसरून राम त्या मोत्यांकडे पाहत राहिला, तेव्हा मालकाने त्याला घालून पाडून बोलले, अशी आख्यायिका आहे. ते बोलणे मनाला लागले. बरोबरीची मुले शिकून मोकळी झाली होती, तरी या वयात कसे शिकायचे असा विचार न करता तो काशीला गेला. कित्येक वर्षे धर्मशास्त्राचे अध्ययन करून परत आला, तो रामशास्त्री होऊन.

१७५१ साली ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ साली न्यायाधीश झाले. त्या काळी आजच्यासारखे वकील नव्हते. वतनाचे, वाटणीचे, दत्तकाचे, शेताच्या शिवेचे तंटे येत. वादी-प्रतिवादी आपली कागदपत्रे आणि साक्षीदार पुढे करीत. पंचायत नेमली की तिचा निर्णय आपल्याला मान्य राहील, असे दोघांकडून लिहून घेतले जाई. या लेखाला राजीनामा म्हणत. आज आपण नोकरी सोडताना जो शब्द वापरतो, त्याचा तेव्हाचा अर्थ असा वेगळा होता. गावोगावच्या तंट्यांची शेवटची दाद पुण्याला लागे आणि तिथे रामशास्त्र्यांचा शब्द प्रमाण मानला जाई.

थोरले माधवराव पेशवे गादीवर आले तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांचा फार वेळ जपतपात जाऊ लागला. रामशास्त्री कामासाठी वाड्यात गेले की परत फिरावे लागे. शेवटी एक दिवस ते काशीला जाण्याचा निरोप घ्यायलाच आले. ब्राह्मणाचा आचार पाळायचा असेल तर आपण दोघेही गंगातीरी जाऊ, आणि राज्य करायचे असेल तर रयतेचे काम हीच पूजा समजावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माधवरावांनी ते ऐकले आणि आपली रीत बदलली. शास्त्रीबोवांइतकेच ऐकून घेणाऱ्या तरुण पेशव्याचेही येथे कौतुक करायला हवे.

दर श्रावणात पुण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई आणि ती पाहण्याचे काम शास्त्रीबोवांकडे असे. एकदा त्यांचा सख्खा भाऊ रांगेत आला. न्यायाधीशांचा भाऊ म्हणून त्याला जास्त द्यावे असे नाना फडणविसांनी सुचवले. त्याची विद्वत्ता इतरांइतकीच आहे, तेव्हा दक्षिणाही तेवढीच, असे शास्त्रीबोवांनी ठरवले. भाऊ म्हणून जे द्यायचे ते आपल्या घरून देऊ, असेही सांगितले. त्यांच्या घरी एका दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त धान्य साठवलेले नसे, असेही सांगतात.

माधवराव १७७२ साली वारले. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पगार थकल्याचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. नारायणराव काकांकडे धावले, पण तिथेच त्यांचा खून झाला. ते फक्त अठरा वर्षांचे होते. पुढे पेशवाईची वस्त्रे राघोबादादांना मिळाली.

आता गुन्ह्याची चौकशी करायची कोणी? पेशवे नावाला छत्रपतींचे प्रधान, पण राज्याचा सगळा अधिकार त्यांच्याच हाती. न्यायाधीशाला नेमणारे तेच आणि वेतन देणारेही तेच. तरीही रामशास्त्र्यांनी चौकशी केली. पुढे काय घडले त्याची हकिकत मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने ती १८२६ साली आपल्या इतिहासात नोंदवली. गारद्यांना दिलेल्या पत्रात नारायणरावांना धरावे असे होते, त्याचे मारावे असे झाले, ही ध चा मा ची गोष्ट त्यातलीच. अक्षर कोणीही बदललेले असो, पुतण्याला धरण्याचा हुकूम काकांनी दिला होता. शास्त्रीबोवांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले. प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले. तुमच्या कारभारात आपण पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

इंग्लंडमध्ये राजाला शिक्षा देणाऱ्यांच्या पाठीशी फौज होती. रामशास्त्र्यांच्या पाठीशी कोणी नव्हते. शिक्षा अमलात आणण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. पद सोडणे तेवढे हाती होते, ते त्यांनी केले. आम्हाला वाटते, या निवाड्याचे मोल इथेच आहे.

त्यानंतर नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभारी एकत्र आले. हेच बारभाई. ते लोकांनी निवडून दिलेले नव्हते, त्यामुळे त्यांना पार्लमेंट म्हणता येणार नाही. पण खुनाने मिळवलेली सत्ता आम्ही मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. नव्या कारभारात रामशास्त्री सन्मानाने पुन्हा न्यायाधीश झाले.

राघोबादादांनी मात्र हार मानली नाही. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध पेटले. ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. या भांडणाची झळ आपल्या भागालाही बसली. तेव्हा सौंसर-रामाकोना परिसर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. जानोजी भोसल्यांच्या मागे त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. राघोबादादांचा पाठिंबा मुधोजींना, बारभाईंचा साबाजींना. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली आणि साबाजी भावाच्याच हातून मारले गेले. पुण्याच्या एका वाड्यातला अन्याय किती दूरवर पोहोचतो ते यावरून दिसते.

राघोबादादा १७८३ साली कोपरगावी वारले. देहान्ताची शिक्षा त्यांना कधीच झाली नाही. पण निर्दोष असल्याचा निवाडाही त्यांना मिळाला नाही, आणि अडीचशे वर्षांनंतरही तो कोणी दिलेला नाही. रामशास्त्री २५ ऑक्टोबर १७८९ रोजी पुण्यात निवर्तले. प्रभात कंपनीने १९४४ साली त्यांच्यावर रामशास्त्री हा बोलपट काढला. घरी आजी-आजोबांनी तो पाहिला असल्यास त्यांच्याकडून त्याविषयी जरूर ऐका.

मित्रांनो, आपल्यातले सगळेच न्यायाधीश होणार नाहीत. पण वर्गनायकाला मित्राचे नाव लिहावे लागते, पंचाला स्वतःच्या संघाचा खेळाडू बाद द्यावा लागतो, पालकांना दोन भावंडांत निवाडा करावा लागतो आणि संस्था चालवणाऱ्यांना ओळखीच्या माणसाला नाही म्हणावे लागते. अशा वेळी दक्षिणेच्या रांगेतला तो भाऊ आठवावा, एवढीच आमची सर्वांना विनंती.