सरळ रेघ : नसरीन मोहम्मदी

आपली १९९६ ची दहावीची बॅच पुन्हा एकत्र येणार, स्मरणिकाही निघणार असे ठरले, तेव्हा ग्रुपवर निरोप आला की ज्यांना जमेल त्यांनी आपल्या मनावर ठसा उमटवणाऱ्या एखाद्या मोठ्या व्यक्तीची ओळख करून द्यावी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा कुणा शास्त्रज्ञावर लिहीन असे तुम्हाला वाटले असेल. पण मी एका चित्रकर्तीवर लिहिते आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी सर घ्यायचे ते जादा तास आठवतात ना? संकल्पचित्रात वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एकमेकांवर चढवायचे आणि जिथे दोन आकार छेदतात तिथे पोस्टर कलरची छटा बदलायची. माझे रंग हमखास कडेबाहेर जायचे. रेघा मात्र सरळ यायच्या, आणि त्याचे श्रेय माझ्या बाबांना. ते पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग पेपरवर शाईने यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. रेघ पुरी होईपर्यंत श्वास रोखून धरायचा, हे मला त्यांनीच शिकवले.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी चाकणच्या आमच्या कंपनीच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले होते. एक रविवार मोकळा मिळाला. मेट्रोपॉलिटन म्युझियमने तेव्हा मेट ब्रॉयर ही नवी शाखा नुकतीच उघडली होती, आणि तिथल्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक आपल्या देशातल्या चित्रकर्तीचे होते. आत गेले आणि थबकले. कागदावर पेन्सिलीच्या आणि शाईच्या नुसत्या रेघा. बाबांचीच ड्रॉइंग कुणी फ्रेम करून लावलीत असे क्षणभर वाटले. पण त्यांत मापे नव्हती, यंत्र नव्हते. त्या होत्या नसरीन मोहम्मदी.

नसरीन यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. आई त्या अगदी लहान असतानाच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. १९५४ ते १९५७ त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकल्या. परत आल्यावर मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. तिथे चित्रकार, नाटकवाले, संगीतकार एकाच आवारात काम करीत. वासुदेव गायतोंडे तिथेच होते, आणि अमूर्त चित्रकलेच्या वाटेवर नसरीनना त्यांचा मोठा आधार झाला. १९६१ मध्ये पहिले प्रदर्शन झाले. मग फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९६३ पर्यंत त्या पॅरिसला होत्या.

सुरुवातीच्या चित्रांत रंग होता, झाडाझुडपांचा भास होता. पुढे त्यांनी एकेक गोष्ट काढून टाकली. निसर्गाची ओळख पुसली, रंग गेला, कॅनव्हास गेला. १९७० च्या दशकात उरले ते कागद, पेन्सिल, शाई आणि ड्रॉइंग ऑफिसात असतात तशी साधने. आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी, हातमागावर ताणलेल्या सुतासारखी. मग तिरप्या रेघा आल्या. शेवटी मोकळ्या कागदावर तरंगणारे कोन आणि कमानी. रेघांमधले अंतर थोडे थोडे कमी करत नेले की सपाट कागदाला खोली येते. रेघ कुठे दाट, कुठे फिकी ठेवली की छटा येते. संकल्पचित्रात आपण जे रंगाने करायचो, ते या बाईंनी रंगाच्या बाटलीचे झाकणही न उघडता केले.

१९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शिकवत होत्या. तिथे त्या काळात माणसे, घरे, रस्ते, गोष्टी सांगणाऱ्या चित्रांचा जोर होता. नसरीन आपल्या वाटेने जात राहिल्या. चित्रांना नाव देत नसत, बहुतेकांवर तारीखही नाही. फोटोही काढीत, समुद्रकिनारा, वाळवंट, फत्तेपूर सिक्रीची फरशी. पण हयातीत ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत.

मग मज्जासंस्थेचा आजार जडला. शरीरावरचा ताबा हळूहळू सुटत गेला. जिचे सगळे काम केसाएवढ्या रेघेवर उभे, तिच्याच वाट्याला हे यावे! तरी त्यांनी कागद सोडला नाही, आणि त्या काळातल्या चित्रांत रेघ डळमळलेली दिसत नाही. १९९० च्या मे महिन्यात, पन्नाशी जेमतेम उलटलेली असताना, अलिबागजवळ किहीमला त्यांचे निधन झाले. जगाने दखल घेतली ती नंतर: २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलचे डॉक्युमेंटा, २०१४ मध्ये लिव्हरपूलची टेट, मग माद्रिद आणि न्यूयॉर्क.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्सचे निदान झाले. आधी सही बिघडली. बँकेने चेक परत केला त्या दिवशी त्यांनी सेटस्क्वेअर, कंपास, शाईची पेने पेटीत भरून माळ्यावर टाकायला लावली. समजावणाऱ्या सगळ्यांवर ते चिडायचे. मी समजावायचे सोडून दिले आणि न्यूयॉर्कहून आणलेले प्रदर्शनाचे पुस्तक त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी भिंग मागितले. पेन कुठे टेकले असेल, कुठे उचलले असेल, हे बोट ठेवून मला दाखवत राहिले. पुस्तक मिटल्यावर मी त्यांना बाईंच्या आजाराबद्दल सांगितले. ते काही बोलले नाहीत. आठवड्याने पेटी खाली काढायला सांगितली.

आता रविवारी सकाळी पट्टी मी दाबून धरते, रेघ बाबा ओढतात. ती मधेच हलते. कधी दोन-दोन ठिकाणी हलते. कागद मात्र ते फाडत नाहीत. सवयीप्रमाणे खाली उजव्या कोपऱ्यात तारीख घालतात आणि पुढचा कागद घेतात.

तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत अलिबागला जातात. किहीमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत उमटलेल्या रेघा जरा थांबून पाहा.

मेळाव्याला चित्रकलेचे सर येणार आहेत असे कळले. मी बाबांना घेऊन येते आहे. सर, त्यांचे कागदही सोबत आणते.