मलिक अंबर

मलिक अंबर (अंदाजे इ.स. १५४८ – मे, इ.स. १६२६) हे अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवा व सेनापती होते. इ.स. १६१० मध्ये त्यांनी खडकी येथे नगर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्यांची ओळख गनिमी काव्याने लढणारा सेनानी अशी असली, तरी महसुलातील मक्तेपद्धती मोडणे हे त्यांचे कार्य त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

जीवन

त्यांचा जन्म इथियोपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेलेले अंबर बगदादमार्गे दख्खनेत आले. तेथे निजामशाहीचे पेशवा चंगीझखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी होते. इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर अंबर यांनी दुसऱ्या मुर्तझा निजामशहास परांड्यास गादीवर बसवून राज्य तगवले.

महसूल व्यवस्था

त्यापूर्वी मुलखाचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. ठरलेली रक्कम सरकारात भरली की रयतेकडून अधिक निघेल ते इजारदाराचे. जमीन सुधारण्यापेक्षा मक्ता टिकवण्यातच त्याचे हित असे. उत्पादनात भर न घालता राजसत्तेने दिलेल्या हक्कातून लाभ ओढण्याच्या ज्या प्रवृत्तीचा अभ्यास पुढे गॉर्डन टलक (१९६७) व ॲन क्रूगर (१९७४) यांनी केला, तिचे हे जुने रूप होय. मराठीतील ‘मक्तेदारी’ हा शब्दही याच घरचा.

अंबर यांनी इजारे बंद केले. जमिनीची सुपीकतेनुसार प्रतवारी करून प्रत्यक्ष पिकावर आकारणी सुरू झाली. सरकारचा वाटा प्रथम धान्यरूपाने, सुमारे दोन-पंचमांश होता. काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत बदलला. ही रक्कम उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीची असून लागवडीप्रमाणे दरसाल ठरे. वसुली ब्राह्मण कामगारांकडे, तर देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती. यामागे केवळ रयतेची कणव नव्हती. मोगलांशी अखंड चाललेल्या युद्धाचा खर्च मध्यस्थाच्या हाती पैसा अडकवून भागणारा नव्हता.

सर्वच मध्यस्थ मात्र हटले नाहीत. पाटील, देशमुख आदींची वंशपरंपरागत वतने कायम राहिली, उलट गावगाड्याला बळच मिळाले. वतनदारांना आवर घालण्याचे काम पुढे शिवाजी महाराजांना करावे लागले.

इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केल्यानंतर दोन वर्षांनी अंबर यांचे निधन झाले. त्यांची कबर खुलताबाद येथे आहे. त्यांची आकारणी ‘मलिकंबरी धारा’ या नावाने त्यांच्या पश्चातही मराठी मुलखात चालू राहिली.