चौथा एडवर्ड राजा व पिकिन्यीचा तह

इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड ह्याचा जन्म इ. स. १४४२ त झाला. एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १४६१ त, तो गादीवर बसला.

फ्रान्सच्या गादीवर इंग्लंडच्या राजांचा जुना दावा होता. तो साधावा म्हणून एडवर्डानें १४६८ त आपली बहीण मार्गारेट फ्रान्सच्या राजाचा वैरी, बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स ह्यास दिली. १४७५ त प्रजेकडून पैसा गोळा करून तो अकरा हजारांवर सैन्यानिशीं कॅले बंदरीं उतरला. परंतु चार्ल्स मूठभर लोक घेऊन आला. तेव्हां एडवर्डानें फ्रान्सचा राजा अकरावा लुई ह्याशीं बोलणें लाविलें.

२९ ऑगस्ट रोजीं पिकिन्यी येथें सोम नदीच्या पुलावर दोघे भेटले. परस्परांवर विश्वास इतका थोडा कीं, मध्यें लांकडी जाळी उभारिली होती. लुईनें रोख ७५,००० व दरसाल ५०,००० सुवर्णमुद्रा द्याव्या, आणि आपल्या पुत्राचा विवाह एडवर्डाची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं करावा, असें ठरलें. रक्तपात टळला व व्यापार वाढला, हें चांगलेंच झालें.

पण त्या नेमणुकीनें राजाचे हात बांधले गेले. १४७७ त चार्ल्स रणांत पडला व लुई त्याचा मुलूख बळकावूं लागला. विधवा बहिणीनें साहाय्य मागितलें, तरी एडवर्ड लुईशीं लढावयास उठला नाहीं. डिसेंबर १४८२ त लुईनें बर्गंडीच्या पक्षाशींच तह करून पुत्राची सोयरीक तिकडे ठरविली. नेमणूक बंद पडली. ९ एप्रिल १४८३ रोजीं एडवर्ड वारला.

वाचकहो, आप्तांच्या संकटीं जो पैशासाठीं स्वस्थ बसतो, त्याचे आप्तहि जातात व पैसाहि जातो.