अळवावरचे पाणी आणि पाऱ्याचा थेंब

अळवावरचे पाणी म्हणजे चंचलतेची खूण, असे आपण पिढ्यानपिढ्या मानीत आलो. परसातल्या पानावरून थेंब घरंगळतो, आपण त्यातून वैराग्याचा बोध घेतो आणि पुढे चालू लागतो. थेंब आकसतो का, पसरतो का आणि विजेच्या योगाने त्याचा हा स्वभाव पालटता येतो काय, असे विचारणारा मनुष्य विरळा. गाब्रिएल लिपमन हा तसा मनुष्य होता.

१८४५ साली लक्झेंबर्गमध्ये फ्रेंच आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आले. १८६८ मध्ये तेथील नामांकित एकोल नॉर्मालमध्ये त्याला प्रवेश मिळाला; परंतु आवडीच्या विषयांत बुडून जायचे आणि नावडत्यांकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा त्याचा खाक्या. परिणामी अध्यापकपदाच्या परीक्षेत तो चक्क नापास झाला. आपल्याकडे अशा तरुणाच्या कपाळी कायमचा शिक्का बसला असता. फ्रेंच सरकारने मात्र १८७३ साली त्याला विज्ञानशिक्षणाच्या पद्धती अभ्यासण्यासाठी जर्मनीस पाठविले.

हायडेलबर्ग येथे क्यूने नावाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याला एक गंमत दाखविली. सौम्य गंधकाम्लाखाली ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाला लोखंडी तार लावताच थेंब आकसे. तार काढताच पूर्ववत होई. इतरांनी कौतुकाने मान डोलावून सोडून दिले असते. लिपमनने त्यातला नियम शोधला. पाऱ्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठला की एकाच जातीचे भार परस्परांना दूर ढकलतात, पृष्ठताण घटतो आणि थेंब पसरू पाहतो. भार ओसरला की ताण वाढून तो आकसतो. १८७५ मध्ये याच विषयावर त्याने पॅरिसला डॉक्टरेट मिळविली.

या शोधाचे पहिले फळ म्हणजे केशनलिकेतील पाऱ्याचे विद्युतमापक. व्होल्टच्या हजाराव्या भागाइतक्या दाबानेही त्यातला पारा हले. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने याच उपकरणाने, छातीला सुरी न लावता, मानवी हृदयाच्या विजेचा आलेख प्रथम उमटविला. आज तालुक्याच्या दवाखान्यातही निघणाऱ्या हृदयालेखाचा हा मूळपुरुष होय. पुढे १९९३ मध्ये ब्रूनो बेर्ज या फ्रेंच शास्त्रज्ञाने धातूवर विद्युतरोधक पातळ थर देऊन पाण्याचा थेंब विजेने पसरविण्याची युक्ती साधली. त्यातूनच आकार पालटणारी द्रवाची भिंगे आली.

लिपमनला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र प्रकाशलहरींच्या आधारे रंगीत छायाचित्र घेण्याच्या पद्धतीबद्दल. मारी क्यूरी यांना त्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि १८९८ मध्ये त्यांचा शोधनिबंध अकादमीपुढे त्यानेच मांडला. १९२१ च्या जुलैत अमेरिका खंडाहून परतताना समुद्रप्रवासातच त्याचा अंत झाला.

हे सारे सांगताना आमच्या डोळ्यांपुढे सुरतेजवळचे चलथाण येते. तेथील सहकारी साखर कारखाना ख्यातकीर्त आहे. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडची मराठी आणि आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेतील अशा कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी मुलाबाळांसह फडात उतरतात. मुलांची नावे शाळेच्या पटावर राहतात, मुले पाचटात. चार-सहा महिन्यांनी परतलेले मूल परीक्षेत मागे पडले, तर दोष कोणाचा? पहाटे उसाच्या पात्यावर दवाचा थेंब ते मूलही पाहते, आणि तो का ठरतो हा प्रश्न त्यालाही पडत असेल.

लिपमन बुद्धिमान होता, हे खरेच. पण नापास झाल्यानंतरही त्याला दुसरी संधी देणारे सरकार त्याला लाभले, हे तितकेच खरे. फडातल्या मुलांसाठी हंगामी शाळा आणि वसतिगृहे नेटाने चालविणे हे दोन्ही राज्यांचे आणि कारखान्यांचे कर्तव्य आहे. ते टाळले गेले, तर या मुलांचे शिक्षण अळवावरचे पाणीच ठरेल.